अडलेले काढण्याची विद्या : डिझेल इंजिनाच्या इतिहासातील एक पान



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण राज्यांचे उदयास्त ऐकता, संतांची चरित्रे ऐकता, अर्थसंकल्पाची चिरफाड ऐकता. त्या पंक्तीत मी आज एक तुटलेला बोल्ट घेऊन बसलो आहे. याला इतिहास म्हणावयाचे काय, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती रास्त आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यांच्या दारांत अधिक झाले. युनियनच्या कामासाठी वर्कशॉपांतून हिंडताना आणि रात्री मिळतील ती पुस्तके वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. यंत्र कोणी शोधले, कोणी घडवले, कोणी विकले, हे पुस्तकांत पानोपानी असते. तेच यंत्र दहा वर्षे चालून जाम झाल्यावर ते कोणी उघडले आणि कसे उघडले, याला सहसा एक ओळही मिळत नाही. ती ओळ आज मी लिहू पाहत आहे. डिझेल इंजिनाच्या हेडात अडकलेला किंवा तुटलेला भाग बाहेर कसा काढतात आणि ही विद्या मनुष्याच्या हाती कशी आली, एवढाच माझा विषय आहे.

प्रथम हेड म्हणजे काय ते सांगतो. विहिरीवरचे इंजिन पुष्कळांनी पाहिले असेल. त्यात एक सिलिंडर असतो, सिलिंडरात दट्ट्या वरखाली होतो, आणि सिलिंडरावर जे जाड झाकण असते ते हेड. झाकण म्हटले की आपल्याला कुकर आठवतो. पण हे झाकण फार निराळे. दहा सेंटिमीटर व्यासाचा सिलिंडर घ्या. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर भरते. आत जळणाचा भडका झाल्यावर दर चौरस सेंटिमीटरला ६५ किलोचा दाब धरला, तर झाकण उडवून लावू पाहणारा जोर पाच टनांच्या घरात जातो. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनात हा तडाखा मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे तासाला ४५,००० वेळा बसतो. हे झाकण जागेवर धरून ठेवतात ते चार-सहा पोलादी स्टड. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला दांडा. नट आवळला की तो किंचित ताणला जातो, आणि त्या ताणाच्या बळावरच हेड दाबून धरतो.

आता या झाकणाला किती भोके असतात ते पाहा. हवा आत घेणारी झडप, धूर बाहेर टाकणारी झडप, जळणाचा फवारा सोडणारा इंजेक्टर, काही इंजिनांत थंडीत सुरुवातीला हवा तापवणारा ग्लो प्लग, पाणी खेळण्याच्या वाटा, आणि धुराची नळी जेथे बसते तेथील स्टड. इंजिन तापते, निवते, पुन्हा तापते. पाणी झिरपते आणि गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून आट्यांच्या फटीत शिरलेला गंज पाचरीसारखा आवळत जातो. इंजेक्टरखालची तांब्याची वॉशर नीट बसली नाही तर तिच्या बाजूने गरम वायू निसटतो आणि इंजेक्टरभोवती काजळीचा थर दगडासारखा घट्ट होतो. अलीकडची पुष्कळ हेडे ॲल्युमिनियमची असतात. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दोन धातू आणि मध्ये ओल, असा योग आला की झीज आणखी वेगाने होते. अशा रीतीने वर्षानुवर्षे एकत्र राहिलेले हे भाग अखेर एकमेकांना सोडीनासे होतात.

या हेडाची जन्मकथा जर्मनीतील आउग्सबुर्ग गावची आहे. रुडॉल्फ डिझेल यांच्या कल्पनेचे पहिले यंत्र तेथील कारखान्यात १८९३ च्या ऑगस्टात चाचणीला उभे राहिले. पट्ट्याने बाहेरून फिरवून आत जळण सोडले. भडका इतका जोराचा झाला की दाब मोजणारे उपकरणच फुटले. कल्पना खरी ठरली होती. तिला धरून ठेवणारे यंत्र मात्र अद्याप तयार नव्हते. पुढे यंत्र उघडणे, बदलणे, पुन्हा जोडणे असे महिनोन्‌महिने चालले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते यंत्र प्रथमच सुमारे एक मिनिट आपल्या बळावर चालले. ही गोष्ट सर्वांत आधी कळली ती लिंडर नावाच्या जोडाऱ्याला. इतका वेळ इंजिनाला ओढणारा पट्टा आता इंजिनच ओढू लागले आहे, हे त्याच्या नजरेने टिपले आणि त्याने न बोलता डोक्यावरची टोपी काढली. डिझेल यांनी स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली, हा त्यांचा मोठेपणा. तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर यांनी सुधारलेल्या इंजिनाची अधिकृत परीक्षा घेतली. जळणातील उष्णतेपैकी २६.२ टक्के भाग कामी आला. त्या काळची चांगली वाफेची इंजिनेही याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळत होती.

पुढील प्रत्येक सुधारणा हेडातूनच गेली. डिझेल यांच्या इंजिनात जळण जोरदार हवेच्या झोताबरोबर आत सोडले जाई; त्यासाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर लागे. १९०९ साली प्रॉस्पर लोरांज यांनी बेंझ कंपनीत असताना मुख्य सिलिंडराला जोडलेल्या लहान कोठडीत जळण पेटवण्याचे पेटंट घेतले. १९२७ साली बॉश कंपनीने जळण दाबणाऱ्या पंपाचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर सुरू केले, आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये मावण्याइतके आटोपशीर झाले. १९३६ साली मर्सिडीज-बेंझची डिझेल मोटारगाडी लोकांपुढे आली. १९९७ साली बाजारात आलेल्या कॉमन रेल पद्धतीने इंजेक्टर अधिक नाजूक केला आणि त्यातील दाब हजार वातावरणांच्या पलीकडे नेला. प्रत्येक पायरीला शोधकाचे नाव आहे आणि ते असावेच. पण प्रत्येक पायरीने हेडात काही नवे बसवले, आणि जे बसवले ते केव्हा तरी अडकले. ते काढण्याची रीत वर्कशॉपमधील हातांनी शोधली. तिचे पेटंट सहसा कोणी घेतले नाही.

काढण्याच्या या विद्येचा पाया मात्र डिझेल यांच्या आधी अर्धशतक घातला गेला होता. तो पाया म्हणजे आटे. एके काळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टाला लागत नसे. अशा यंत्राचा एक बोल्ट तुटला तर तो ज्याने घडवला त्याच्याच दारी जावे लागे. लंडनच्या हेन्री मॉडस्ले यांनी अठराशे सालच्या सुमारास आटे कापणारे अचूक लेथ प्रचारात आणले. त्यांच्याच कारखान्यात काम करून पुढे गेलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील स्क्रू जमा करून मोजले आणि १८४१ साली सर्वांसाठी एकच माप सुचवले. त्यांच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. १८६४ साली फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा मांडला. त्यांचे म्हणणे असे की व्हिटवर्थचा गोलाई दिलेला आटा कापायला अवघड. आपला आटा साध्या कारागिरालाही कापता येईल. पाच अंशांचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचे सुटे भाग एकमेकांना लागेनात, तेव्हा त्याची किंमत कळली. नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी एकत्रित आट्यांचा करार केला. १९४७ साली जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची पहिल्या क्रमांकाची तांत्रिक समितीदेखील आट्यांचीच आहे.

आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. त्यापूर्वी आलेली यंत्रे इंची आणि नंतरची मिलिमीटरची. त्यामुळे आपल्या मिस्त्रींच्या पेटीत दोन्ही कुळांचे पाने शेजारी शेजारी नांदत आले. कोणता आटा आहे हे न ओळखता पाना लावणारा मनुष्य बोल्टाचे डोके गोल करून ठेवतो.

आता प्रत्यक्ष काम पाहू. धुराच्या नळीचा एक स्टड हेडात गंजला आहे. नवशिक्या लांब पाना घेतो आणि जोर लावतो. जाणता कारागीर आधी पाहतो, मग आटे घासून साफ करतो, झिरपणारे तेल सोडतो, हातोडीने हलके ठोके देतो आणि थांबतो. कधी तासभर, कधी रात्रभर. मग पाना लावतो आणि उलट-सुलट हलवतो. अर्धा दात पुढे, पाव दात मागे. पाना लवतो आहे पण आटा सरकत नाही, असे मनगटाला कळले की तो हात आवरतो. कारण तेव्हा स्टड फिरत नसून पिळला जात असतो, आणि पुढचा झटका त्याचे दोन तुकडे करील. तो पुन्हा तेल सोडतो, किंवा भोवतालचा धातू तापवतो. हेड बीडाचे असेल तर तेही जपून. एकाच जागी फार आच लागली तर बीड तडकते. ग्लो प्लग काढायचा तर इंजिन आधी गरम करून घेतात. इंजेक्टर असेल तर त्याला आडवा घाव न घालता सरकत्या वजनाच्या ओढणीने सरळ वर खेचतात.

इतके करूनही स्टड तुटलाच, तर थोडा भाग वर असल्यास त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करतात. त्या उष्णतेनेच पुष्कळदा गंजाची पकड सुटते. स्टड पृष्ठभागाशी तुटला असेल तर तुटलेले तोंड कानसीने सपाट करायचे, बरोबर मध्यावर पंच मारायचा आणि बारीक ड्रिल लावायचे. मध्य केसभर चुकला तर ड्रिल कठीण पोलाद सोडून मऊ हेडात शिरते, आणि बिघाड दुप्पट होतो. काही कारागीर उलट्या धारेचे ड्रिल वापरतात. भोक पाडता पाडता तेच स्टडला उलटे फिरवून बाहेर आणते. ड्रिलच्या खोबणीत ग्रीस भरतात, म्हणजे किस सिलिंडरात न पडता ग्रीसला चिकटतो. आटे गेलेच तर भोक मोठे करून त्यात तारेच्या वेटोळ्यासारखा नवा आटा बसवतात, आणि हजारो रुपयांचे हेड भंगारातून वाचते.

या सर्व कृतीत एक काम असे आहे की जे पाहणाऱ्याला काम वाटत नाही. ते काम म्हणजे थांबणे. येथे एका मोठ्या मनुष्याची गाठ घेतली पाहिजे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात दोन गोष्टी गाजल्या. एक डिझेल यांचे इंजिन; त्याला तेथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. दुसरी म्हणजे फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांचे हायस्पीड पोलाद. त्या पोलादाची हत्यारे धार लालबुंद झाली तरी लोखंड कापीत राहत. तुटलेला स्टड कोरणारे ड्रिल आणि आटे कापणारा टॅप आज त्याच कुळातील पोलादाचे असतात. तेव्हा टेलर यांचे ऋण प्रत्येक जोडाऱ्यावर आहे, हे मी युनियनचा मनुष्य असूनही मोकळेपणाने सांगतो. तरुणपणी ते स्वतः कारखान्यात उमेदवारी करून शिकले होते.

पण याच टेलर यांनी कामगाराच्या डोक्याशी स्टॉपवॉच नेऊन उभे केले. प्रत्येक कामाचे तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्याला सेकंद ठरवावेत, आणि विचार करण्याचे काम ऑफिसकडे न्यावे, असा त्यांचा सिद्धांत होता. ऑगस्ट १९११ मध्ये अमेरिकेत वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रनिर्माण कारखान्यातील ओतारी घड्याळ पाहून काम सोडून बाहेर पडले. प्रकरण कायदेमंडळात गेले, आणि १९१५ साली सरकारी शस्त्रकारखान्यांत स्टॉपवॉचवर पैसा खर्च करण्यास बंदी झाली. तो निर्बंध तीस वर्षांहून अधिक टिकला. एकसारखे शंभर नग करायचे असतील तेथे घड्याळाचा काही उपयोग आहे, हे मला मान्य आहे. पण अडकलेले दोन स्टड कधी एकसारखे नसतात. तेल मुरेपर्यंत थांबलेला कारागीर घड्याळाला रिकामा दिसतो, आणि घाईने स्टड मोडणारा कामसू दिसतो!

एका वाटाघाटीत मेजावर एक छापील तक्ता ठेवला होता. त्यात 'इंजेक्टर काढणे' या शब्दांपुढे मिनिटांचा एकच आकडा होता. आमच्या बाजूचे एक वयस्कर फिटर चष्मा सावरून म्हणाले, "साहेब, हा कोणत्या गाडीचा आकडा? कोकणातल्या की देशावरच्या?" खारी हवा खाल्लेली गाडी आणि कोरड्या हवेतली गाडी एकाच मिनिटांत उघडत नाही, हे सांगायला त्यांना एवढेच शब्द पुरले. तक्त्यापाशी उत्तर नव्हते.

टॅपचा उल्लेख केला, त्याची एक कथा या विद्येचा मान वाढवणारी आहे. टॅप हे हत्यार फार कठीण आणि म्हणूनच ठिसूळ. तो भोकात मोडला तर मोठे संकट. कारण त्याला कोरायला त्याच्याहून कठीण ड्रिल आणायचे कोठून? १९४० नंतर दोन देशांत यावर एकमेकांस न कळता उपाय निघाला. अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या झडपपेट्यांत मोडलेले टॅप व ड्रिले काढण्यासाठी काही अभियंत्यांनी विजेच्या ठिणग्यांनी तो टॅप कणाकणाने झिजवण्याची युक्ती योजली. तिकडे सोव्हिएत रशियात बोरिस आणि नतालिया लाझारेंको या दांपत्याकडे इंजिनाच्या ठिणगीने टंगस्टनचे संपर्कबिंदू झिजतात ही तक्रार आली होती. झीज थांबवता थांबवता त्यांना दिसले की तेलात बुडवून ठिणगी पाडली तर ती झीज नेमकी आणि आपल्या ताब्यात राहते. १९४३ साली त्यांनी तिचेच हत्यार केले. इंजिनाचा एक रोग दुसऱ्या रोगाचे औषध झाला. ठिणगीने धातू कोरण्याचे जे शास्त्र आज साचे आणि विमानांचे भाग घडवते, त्याच्या उगमाशी अशी दुरुस्तीच्या बाकावरची अडचण उभी आहे. दुरुस्ती म्हणजे निर्मितीचे उष्टे, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या महाराष्ट्राचे तर या विद्येशी जवळचे नाते आहे. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, आणि पुढे आगारोआगारी वर्कशॉपे उभी राहिली. विहिरीवर वीज पोहोचण्यापूर्वी कित्येक गावांचा ऊस आणि भाजीपाला डिझेल इंजिनावर तगला. ऐन उन्हाळ्यात असे इंजिन जाम झाले की तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत सारे घर त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसे. कारखान्याने इंजिन एकदाच दिले. चालते ठेवले ते या मिस्त्रींनी.

आज हिशेबाच्या वह्यांत अशा माणसाला 'अप्रत्यक्ष श्रम' म्हणतात. त्याच्या हातून नवा नग निघत नाही, म्हणून खर्च कापायचा झाला की कात्री प्रथम त्याच्यावर चालते. दुरुस्ती खात्यातील कायम जागा भरायच्या नाहीत, काम कंत्राटावर द्यायचे, आणि कंत्राटदाराने दर हेडामागे ठराविक रक्कम द्यायची, अशी रीत पसरते आहे. ठराविक रकमेत थांबण्याला जागा नाही. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचे प्रमाणपत्र घेऊन आलेला मुलगा आटे ओळखतो. पण हात कोठे आवरायचा, हे त्याला जुन्या फिटरशेजारी उभे राहूनच कळणार. तो जुना फिटर निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणी नेमलेच नाही, तर ही विद्या कोणाकडून कोणाकडे जाणार? शिवाय नव्या इंजिनांत इंजेक्टर बदलल्यावर त्याची खूण संगणकाला कळवावी लागते, आणि त्याची किल्ली बहुधा कंपनीच्या हाती असते. आटे सर्वांचे झाले तेव्हा दुरुस्ती सर्वांची झाली, हे आपण आत्ताच पाहिले. ही नवी किल्लीही सर्वांची झाली पाहिजे, अशी मागणी करणे म्हणजे व्हिटवर्थ यांचेच काम पुढे नेणे होय.

म्हणून वेतनकराराच्या मेजावर आमची मागणी साधी असते. दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ त्याच्या अनुभवाने ठरावा. त्याच्याशेजारी एक उमेदवार शिकायला असावा. आणि त्याने वाचवलेल्या हेडाची किंमत त्याच्या नावे कोठे तरी लिहिली जावी. यात दयेचा प्रश्न नाही. हेड मोडून नवे घेणे आणि रात्रभर थांबून जुने वाचवणे, यांत स्वस्त काय, हा निव्वळ हिशेब आहे. तो आपणांसारख्या नागरिकांनीही मांडावा. कारण एसटीची बस, दवाखान्याचा जनरेटर आणि शेतावरचे इंजिन यांचा खर्च शेवटी आपल्याच खिशातून जातो. पुढे कधी वर्कशॉपात एखादा कारागीर इंजिनाशेजारी हात बांधून स्वस्थ उभा दिसला, तर तो काम टाळतो आहे असे लगेच म्हणू नका. तेल मुरत असेल.